इंचाचं डोकं, मिलिमीटरचे आटे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आकडे घाईत निसटतात, ते इथे नीट दिलेत.

आज एका बोल्टची गोष्ट. समजा तुमच्यासमोर १९४८ सालची एमजी टीसी आहे. इंग्लिश स्पोर्ट्स कार, दोन सीटची, लांब बॉनेट, तारांच्या स्पोकची चाकं. इंजिन खोलायचंय. तुम्ही १३ नंबरचा पाना लावता, तो बोल्टच्या डोक्यावर बसतच नाही. १४ चा लावता, तर तो सैल पडतो. जोर दिलात तर डोक्याचे कोपरेच गोल होणार. मग कुणीतरी जुना ब्रिटिश पाना आणून देतं, त्यावर १/४ असा आकडा कोरलेला. तो चपखल बसतो. तुम्ही म्हणता, चला, बोल्ट इंचातला आहे. बोल्ट बाहेर येतो, आटे मोजता, आणि ते निघतात मिलिमीटरचे!

डोकं इंचाचं, आटे मिलिमीटरचे. जुन्या एमजीवाले या प्रकाराला ‘मॅड मेट्रिक’ म्हणतात. हा वेडेपणा आला कुठून, आणि त्यापायी जगभरचे हौशी लोक एकमेकांना अवजारं का पाठवत असतात, ते आज बघू.

एकेका कारखान्याचे आपापले आटे

आटे म्हणजे बोल्टवर गोल गोल फिरत जाणारी ती खाच. “आटे गेले” असं मेकॅनिक म्हणतो तेव्हा तो याच खाचेबद्दल बोलत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना स्वतःच्या मापाने आटे पाडायचा. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच याची खात्री नव्हती. मशीन बिघडलं की बोल्टसाठीसुद्धा मूळ कारखान्याचं दार ठोठवायचं.

मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने यावर सरळ मार्ग काढला. ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये एक प्रमाण माप सुचवलं. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि बोल्टच्या जाडीप्रमाणे इंचाला किती आटे ते ठरलेलं. रेल्वेने ते उचललं आणि हळूहळू सगळ्या ब्रिटिश साम्राज्यात ते पसरलं.

यात एक गंमत आहे. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, तो ज्या बोल्टसाठी पाना बनवलाय त्या बोल्टच्या जाडीचा असतो. १/४ लिहिलेल्या पान्याचं तोंड असतं ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिलिमीटर. म्हणून आपला १३ चा पाना बसला नाही आणि १४ चा सैल पडला.

मशीनगनचा कारखाना

आता पहिलं महायुद्ध. पॅरिसजवळ सेंट-डेनिसला हॉचकिस ही कंपनी मशीनगन बनवायची. जर्मन सैन्य पॅरिसच्या दिशेने सरकलं तेव्हा कंपनीने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना काढला. कंपनी फ्रेंच, त्यामुळे यंत्रसामग्री मेट्रिक.

युद्ध संपलं आणि मशीनगनच्या ऑर्डरी थांबल्या. मशीन रिकामी, कारागीर बसून. तिकडे ऑक्सफर्डला विल्यम मॉरिसची अडचण वेगळी होती. त्याच्या मॉरिस काउली गाडीला अमेरिकेतल्या कॉन्टिनेंटल कंपनीचं इंजिन लागायचं, आणि तो पुरवठा बंद झाला होता. त्याने तेच इंजिन हॉचकिसकडून बनवून घ्यायला सुरुवात केली. १९२३ मध्ये त्याने अख्खा कारखानाच विकत घेतला.

आता पेच असा, की मशीन मेट्रिक आटे पाडतात आणि इंग्लंडमधल्या प्रत्येक गॅरेजात व्हिटवर्थचे पाने आहेत. सगळी मशीन बदलायची तर खर्च परवडत नाही, आणि गिऱ्हाइकाला नवे पाने घे म्हणायची सोय नाही. मग तोडगा निघाला: आटे मेट्रिकच ठेवायचे, डोकी मात्र व्हिटवर्थच्या मापाची करायची.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला जुना कोड सांभाळतो. हे वाचल्यावर मला हसूच आलं, कारण आम्ही अगदी हेच करतो. बाहेरून दिसणारा इंटरफेस तसाच ठेवायचा आणि आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला कळू द्यायचं नाही. वापरणाऱ्याची सोय होते. पण वीस वर्षांनी तो कोड उघडणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही.

हा तोडगा तात्पुरता राहिला नाही. मॉरिसच्या त्याच इंजिन कारखान्याच्या परंपरेतून १,२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन आलं. ते १९३९ च्या एमजी टीबीमध्ये बसलं, मग टीसी, टीडी आणि टीएफमध्ये. १९५५ मध्ये टीएफ बंद होईपर्यंत फ्रेंच मशीनगनवाल्यांचे आटे इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्ये फिरत होते.

टीसी १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० बनल्या आणि त्यातल्या साधारण २,००० अमेरिकेत गेल्या. तिथल्या मालकाची अवस्था बघा: डोकं ब्रिटिश, आटे फ्रेंच आणि हातात अमेरिकन पाना. तिन्हींची मापं वेगळी!

जवळजवळ बसणारा टॅप

इथे खरा धोका सुरू होतो. आटे खराब झाले की ते टॅप फिरवून साफ करतात किंवा नव्याने पाडतात. एमजीच्या या इंजिनात ८ मिलिमीटर जाडीचे आणि १ मिलिमीटर पिचचे बरेच बोल्ट आहेत. पिच म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर. दुकानात जाऊन नुसतं “आठचा टॅप द्या” म्हणालात, तर बहुतेक वेळा १.२५ पिचचा मिळतो. तो बसणार नाही हे लगेच कळतं, त्यामुळे त्याची फारशी भीती नाही.

भीती आहे ती ५/१६ इंचाच्या बारीक आट्यांच्या टॅपची. त्याची जाडी ७.९४ मिलिमीटर. इंचाला २४ आटे, म्हणजे पिच १.०५८ मिलिमीटर. कोनही तोच, ६० अंश. हातात घेऊन फरक दिसणं अवघड. तो भोकात घातला की पहिले दोन-तीन आटे अलगद जातात आणि आपल्याला वाटतं जमलं. पण प्रत्येक आट्याला ०.०५८ मिलिमीटरचा फरक साचत जातो. दहाव्या आट्याला तो अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेलेला असतो. तोवर टॅपने आतले मूळ आटे कापून टाकलेत, तेही सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या, पुन्हा न मिळणाऱ्या ब्लॉकमधले.

अजिबात न बसणारं अवजार बिचारं प्रामाणिक असतं. वाट लावतं ते जवळजवळ बसणारं. म्हणूनच अशा इंजिनासाठी टॅपचा संच उसना देणारा जाणकार माणूस नुसता टॅप देत नाही. डब्यात चिठ्ठी असते: कुठल्या भोकाला कुठला टॅप, आधी काय मोजायचं, हाताने किती फिरवायचं, कुठे अडकलं तर जोर न करता थांबायचं. अवजार आणि ते वापरायची अक्कल एकाच डब्यातून प्रवास करतात.

पाच मिनिटांचं काम

उसनवारीचं दुसरं कारण साधं आहे. काही अवजारं आयुष्यात एकदाच लागतात.

जॅग्वारचं एक्सके इंजिन घ्या. १९४८ च्या लंडन मोटर शोमध्ये ते एक्सके १२० गाडीतून लोकांसमोर आलं आणि १९९२ पर्यंत बनत राहिलं. त्याला वरच्या बाजूला दोन कॅमशाफ्ट आहेत. इंजिन पुन्हा जोडताना दोन्ही कॅमशाफ्ट नेमक्या कोनात लावाव्या लागतात. त्यासाठी कारखान्याने एक छोटी पट्टी दिली होती, नंबर सी.३९९३. ती कॅमशाफ्टच्या खाचेत बसली की कोन बरोबर. काम जेमतेम पाच मिनिटांचं. पण कॅमशाफ्ट अंदाजपंचे फिरवल्या तर आतले व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून वाकू शकतात.

फोक्सवॅगन बीटलमध्ये फ्लायव्हील धरून ठेवणारा एकच मोठा नट असतो. त्याला ३६ मिलिमीटरची गोटी लागते आणि तो सुमारे ३४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचा असतो. साध्या कारच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळतात, त्यावरून अंदाज घ्या. एवढी गोटी, एवढा लांब दांडा आणि फ्लायव्हील अडकवून ठेवायची पट्टी, सगळं एका नटासाठी!

कंपन्यांनी ही अवजारं आपल्या डीलरांसाठी बनवली होती. डीलरकडे आठवड्याला दहा गाड्या यायच्या, म्हणून ते परवडायचं. पुढे मॉडेल बंद झालं, डीलर बंद झाला आणि अवजारं भंगारात गेली किंवा कुणाच्या तरी कपाटात. हौशी माणसाने ते अवजार नव्याने बनवून घ्यायचं, पाच मिनिटं वापरायचं आणि वीस वर्षं कपाटात ठेवायचं, हे कुणालाच परवडत नाही.

म्हणून अमेरिका आणि ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या अनेक क्लबांनी सामायिक डबे ठेवले. पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच. सभासदाने अनामत रक्कम भरायची, पार्सलचा खर्च स्वतः करायचा, काम झालं की अवजार पुसून, तेल लावून परत करायचं. पुढचा माणूस इंजिन उघडं ठेवून वाट बघत असतो. ही कल्पना गाड्यांपुरतीही नाही. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयाने १९७९ पासून पुस्तकांसारखी अवजारंही घरी न्यायला दिली.

यातली अनामत रक्कम मला फसवी वाटते. ती बुडाली तर क्लबला पैसे मिळतात, पण अवजार मिळत नाही. ते बनवणारं बाजारात कुणी उरलेलंच नसतं. एक डबा परत आला नाही, तर रांगेतल्या सगळ्यांची इंजिनं तिथेच थांबतात. इथे खरा व्यवहार पैशांवर चालत नाही, पुढच्या माणसाची आठवण ठेवण्यावर चालतो.

आपल्या गल्लीतले दोन देश

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुणाच्या दारात एमजी टीसी उभी आहे? बरोबर. पण धागा आपल्यापर्यंत येतो.

दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना एकमेकांचे नट-बोल्ट बसेनात. म्हणून १८ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने वॉशिंग्टनमध्ये एकाच मापाच्या आट्यांचा करार केला. तेच हे ‘युनिफाइड’ आटे, इंचातलेच, पण ६० अंशांचे. टीएफनंतर १९५५ मध्ये आलेल्या एमजीएमध्ये १,४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन होतं, त्या नव्या आट्यांचं. त्याच घराण्यातलं १,४८९ सीसीचं इंजिन आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं चाललं.

आणि अ‍ॅम्बेसेडरशेजारी कोण उभी असायची? पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, इटलीच्या फियाट ११०० वरून आलेली, १,०८९ सीसीची, पक्की मेट्रिक. एकाच गॅरेजात एकीला इंचाचे पाने, दुसरीला मिलिमीटरचे. आजही आपल्याकडे प्लंबर आणि सळया बांधणारे ‘चार सूत’ म्हणतात, म्हणजे अर्धा इंच. इंच कागदावरून गेला तरी जिभेवर राहिलाय.

अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ज्या उस्तादांनी या गाड्या सांभाळल्या, त्यांच्याकडे लेथवर स्वतः बनवून घेतलेले पुलर आहेत, वाकवून खास आकार दिलेले पाने आहेत. त्यावर नंबर नाही, चिठ्ठी नाही. कशासाठी आहेत ते फक्त त्यांनाच ठाऊक. दुकान बंद होतं तेव्हा ते किलोच्या भावाने जातात.

म्हणून या भागानंतर एक काम सांगतो. तुमच्या ओळखीत असा जुना मेकॅनिक असेल तर त्याच्याकडे जा, चहा घ्या आणि विचारा, “काका, हे कशाला वापरता?” फोनवर फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. तोंडाचं माप, कुठल्या गाडीला, कुठल्या नटाला आणि काय करायचं नाही, एवढं लिहून घ्या. त्या लिखाणाची एक प्रत अवजारालाच बांधून या.

पुढच्या भागात भेटू. आणि हो, कुणाचा पाना तुमच्याकडे पडून असेल, तर आधी तो पुसून परत देऊन या.