गारांचें वादळ
३० एप्रिल १८८८ रोजीं रोहिलखंडांतील मुरादाबादेच्या परिसरांत गारपिटीनें २४६ माणसें प्राणास मुकलीं. अशीं वादळें केवळ उन्हाच्या तापानें उठतात, हा समज अपुरा आहे. खालीं समुद्राकडून आलेली दमट हवा व तिच्यावर उष्ण, कोरड्या हवेचें झांकण, अशी मांडणी लागते. दुपारीं तें झांकण फुटलें कीं दमट हवा उसळते, मेघ दहा-पंधरा किलोमीटर उंच चढतो आणि त्यांत गारा वाढतात. पावसाळ्यापूर्वीं ही मांडणी पुनःपुन्हां जुळते. म्हणून वादळामागून वादळ येतें.

हिंदुस्थानचें हवामानखातें १८७५ सालींच स्थापन झालें होतें. परंतु ठराविक वेळीं घेतलेल्या नोंदींत कांहीं तासांत उठून विरणारें वादळ सांपडत नसे. आज रडार तें पाहतें. इशारा वेळेवर शेतांत पोहोंचला, तरच त्या पाहण्याचें सार्थक.