मामा, हे सांताक्रूझ नाही!

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या घरातून करतो. मी मनोरीचा. मार्वेच्या जेट्टीवरून फेरीबोटीत बसलात की पलीकडे आमचं गाव. लहानपणी संध्याकाळी आम्ही पोरं किनाऱ्यावर बसून सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांचे दिवे मोजायचो. पुढे घरात सेकंडहँड कॉम्प्युटर आला, लॅमिंग्टन रोडवरून एक जॉयस्टिक आली आणि मी रोज रात्री फ्लाइट सिम्युलेटरवर विमान उडवायला लागलो.

बारावीनंतर पायलट व्हायचं म्हणून ट्रेनिंगच्या खर्चाचा कागद बाबांपुढे ठेवला. बाबांची छोटी मासेमारीची बोट होती. त्यांनी आकडा वाचला, कागदाची घडी घातली आणि परत दिला. बोलले काहीच नाहीत. त्या रात्री जॉयस्टिक माळ्यावर गेली. साल २००९. योगायोग बघा, त्याच वर्षी जानेवारीत मायक्रोसॉफ्टनेही फ्लाइट सिम्युलेटर बनवणारा आपला स्टुडिओ बंद केला होता.

मधे पंधरा वर्षं गेली. मग एका रविवारी भाच्याला माळ्यावर ती जॉयस्टिक सापडली. "मामा, ही चालते का?" चालत होती! नवा सिम्युलेटर टाकला. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने हा खेळ परत आणला, तो सॅटेलाइटच्या फोटोंवर अख्खी पृथ्वी उभी करून. माझ्या जुन्या सिम्युलेटरमध्ये मनोरी म्हणजे नुसता हिरवा पट्टा होता. आता खाली खाडी दिसली, माडाची झाडं दिसली, आमच्या आळीचा रस्ता दिसला. खरं सांगतो, घसा दाटून आला.

त्या नादात परत फिरलो, समुद्रावरून पूर्वेकडे तोंड केलं. समोर धावपट्टी दिसली. फ्लॅप खाली, चाकं खाली, थ्रॉटल मागे, आणि उतरलो. पण विमान थांबायच्या आत धावपट्टीच संपली.

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, हे सांताक्रूझ नाही. जुहू आहे."

आता एक करा. फोनवर मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि जुहू ते सांताक्रूझ बघा. दोन विमानतळ, मधे जेमतेम दोन-तीन किलोमीटर. जुहूच्या धावपट्टीचा नंबर ०८, सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा ०९. हे नंबर म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून. म्हणजे दोघींची तोंडं जवळपास एकाच दिशेला. फरक लांबीचा. जुहूची साधारण ११०० मीटर, सांताक्रूझची तिच्या तिप्पट. आणि समुद्रावरून येताना आधी लागते ती जुहूची.

हे दोन शेजारी आले कुठून? जुहूचं मैदान १९२८ चं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले, एका छोट्या पुस मॉथ विमानातून. तेव्हा पावसाळ्यात जुहूला इतका चिखल व्हायचा की विमानसेवा पुण्याला हलवावी लागायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझला मोठा तळ उभारला आणि १९४८ च्या सुमारास प्रवासी विमानं तिकडे गेली. जुहू मागे राहिलं, पण दिसायचं काही थांबलं नाही!

जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ उतरलं आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही, पण ते विमान परत उडालं नाही. हे सगळे मुरलेले पायलट होते. समोर धावपट्टी दिसली की मन म्हणतं, हीच ती. मग बाकीचं कोण तपासतो?

गंमत म्हणजे सिम्युलेटरचा जन्मच शरीराच्या या फसवणुकीतून झाला. ढगात शिरल्यावर विमान हळूहळू कलत गेलं तर आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ते कळत नाही. वाटतं, आपण सरळच चाललोय. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा माणूस होता. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना. ऑर्गनला हवा देणारे भाते वापरून त्याने १९२९ मध्ये जमिनीवरच डोलणारं एक खोटं विमान बनवलं. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतला पाळणा समजून विकत घेतलं! मग १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याला टपाल वाहायचं काम मिळालं. खराब हवेत काही आठवड्यांतच अनेक पायलट मेले, तेव्हा सैन्याने लिंककडून सहा यंत्रं घेतली. आत बसायचं, वरून झाकण लावायचं, बाहेरचं काही दिसणार नाही, फक्त डायल. पुढे महायुद्धात लाखो पायलट या डब्यात शिकले. घरातल्या कॉम्प्युटरवर हे आणलं ब्रूस आर्टविकने. १९८२ मध्ये त्याचा सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टच्या नावाने बाजारात आला.

म्हणजे धडा काय? डोळे सोडा, डायलवर विश्वास ठेवा? थांबा. गोष्ट इतकी सोपी नाही.

१ जानेवारी १९७८. रात्रीची वेळ. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघालं. बाहेर काळोखा समुद्र, क्षितिज दिसायचा प्रश्नच नाही. विमान किती कललंय ते दाखवणारी कॅप्टनसमोरची डायल बिघडली. विमान सरळ असताना ती उजवीकडे कललेलं दाखवत राहिली. कॅप्टनने तिच्यावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवलं, वळवतच राहिला. को-पायलटसमोर तशीच दुसरी डायल होती, मधे तिसरी होती. त्या ताडून बघायला काही सेकंदच होते, आणि ते निसटले. विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

जुहूला उतरलेल्यांनी फक्त खिडकीवर विश्वास ठेवला. इथे फक्त एका डायलवर.

हे सगळं मी बाबांना सांगत होतो. ते जाळं शिवत बसले होते. वर न बघता म्हणाले, "खाडीत शिरताना एका दिव्यावर होडी लावू नये. दोन दिवे एका रेषेत आले की मगच आत घ्यायची."

आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "तुझा तो कागद आणलास ना, दुसऱ्या दिवशी हे बोट गहाण ठेवून पैसे मिळतात का विचारायला गेले होते. तेवढ्याने भागत नव्हतं. तुला काय सांगणार, म्हणाले."

पंधरा वर्षं मी एकच डायल बघत होतो. बाबा गप्प बसले, म्हणजे त्यांना माझं स्वप्न नको होतं. आईला एकदा विचारलं असतं तर?

त्या रात्री बाबांना शेजारी खुर्चीत बसवलं आणि परत उड्डाण केलं. मनोरीवरून जाताना त्यांनी बोट दाखवून आमची जेट्टी ओळखली. येताना मी धावपट्टीचा नंबर वाचला, होकायंत्र बघितलं, नकाशा बघितला. जुहू खालून मागे जाऊ दिलं आणि सांताक्रूझला उतरलो. लँडिंग दणकन झालं. बाबा म्हणाले, "बोट बरी."

तुमच्याही माळ्यावर असं काही पडलं असेल तर खाली काढा. भेटू पुढच्या भागात!