खेळाच्या पडद्यावरील जाहिरात

व्हिडीओ गेममधील शर्यतीत मोटार भरधाव धावत असते आणि रस्त्याच्या कडेला एखाद्या शीतपेयाचे होर्डिंग झळकते. शहरातील होर्डिंगप्रमाणेच ही जागाही भाड्याने दिलेली असू शकते. अशा इन-गेम जाहिरातींचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात : खेळ तयार करतानाच त्यात कायमची बसविलेली स्थिर जाहिरात, इंटरनेटवरून वेळोवेळी बदलणारी गतिमान जाहिरात आणि एखाद्या मालाच्या प्रचारासाठीच बनविलेला संपूर्ण खेळ.

सुरुवात घरच्या जाहिरातीने

स्कॉट अ‍ॅडम्स यांनी १९७८ मध्ये 'अ‍ॅडव्हेंचरलँड' या शब्दाधारित खेळात स्वतःच्याच आगामी खेळाची जाहिरात केली होती. या प्रकाराचे ते पहिले उदाहरण मानले जाते. १९८३ मध्ये 'कूल-एड' या सरबताचा नायक अटारीच्या खेळात अवतरला. त्याच वर्षी अटारीने कोका-कोलासाठी 'पेप्सी इन्व्हेडर्स' हा खेळ बनविला. त्यात शत्रूच्या जागी प्रतिस्पर्ध्याच्या नावाची अक्षरे होती. २००६ मध्ये बर्गर किंगने एक्सबॉक्सचे तीन खेळ प्रत्येकी ३.९९ डॉलरला विकले; म्हणजे जाहिरात पाहण्यासाठी ग्राहकांनीच पैसे मोजले.

बदलते फलक

गतिमान जाहिरातीत खेळातील भिंत किंवा फलक रिकामा राखून ठेवतात. खेळाडू इंटरनेटला जोडला गेला, की सर्व्हरवरून चित्र येऊन तेथे बसते. ते किती वेळ, किती मोठे आणि कोणत्या कोनातून दिसले, याची नोंद जाहिरातदाराकडे पोहोचते. एकाच खेळात दोन शहरांतील खेळाडूंना निरनिराळ्या जाहिराती दिसू शकतात त्या यामुळेच.

न्यूयॉर्कमधील 'मॅसिव्ह' ही या क्षेत्रातील अग्रणी कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली. २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत बराक ओबामा यांच्या प्रचारयंत्रणेने तिच्यामार्फत 'बर्नआउट पॅराडाइज'सह १८ खेळांत १० राज्यांपुरते फलक लावले आणि मुदतपूर्व मतदानाचे आवाहन केले. तरीही मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये 'मॅसिव्ह' बंद केली.

पुढे मोबाइलने चित्र पालटले. खेळ फुकट देऊन जाहिरातींतून उत्पन्न मिळविण्याची पद्धत रूढ झाली. हरलेल्या खेळाडूला जाहिरातीची चित्रफीत पूर्ण पाहिल्यास एक 'जीव' किंवा काही नाणी बक्षीस मिळतात.

वाद कशावरून?

पूर्ण किंमत मोजलेल्या खेळात जाहिरात आली, की खेळाडू संतापतात. २०२० मध्ये 'यूएफसी ४' या खेळात लढतीच्या पुनर्दर्शनावेळी एका मालिकेची पडदाभर जाहिरात झळकू लागली. तीव्र निषेधानंतर ईए कंपनीला ती काढावी लागली.

गंभीर प्रश्न मुलांचा आहे. दूरचित्रवाणीवर कार्यक्रम थांबतो आणि मग जाहिरात लागते. खेळात ही सीमारेषा पुसट होते. बक्षिसाच्या आशेने जाहिरात पाहणाऱ्या लहान मुलाला आपण खेळत आहोत की गिऱ्हाईक बनत आहोत, हे उमजणे कठीण असते. शिवाय त्याच्या आवडीनिवडींची माहितीही गोळा होऊ शकते.

भारतातील डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याची दखल घेतो. १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास त्यात मनाई आहे. सरकार काही बाबतींत सूट देऊ शकते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, अंमलबजावणीचे टप्पे ठरविण्यात आले आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदाही संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला.

मात्र मूल अनेकदा आईवडिलांच्याच मोबाइलवर खेळते. पडद्यापलीकडील यंत्रणेच्या लेखी ते प्रौढ ग्राहकच ठरते. त्यामुळे कायद्याचे संरक्षण प्रत्यक्षात मिळण्यासाठी मुलाचे खाते त्याच्या खऱ्या वयानिशी स्वतंत्र उघडणे, ही पालकांची पहिली पायरी ठरते.