सातबाराच्या संगणकीकरणातील बहुस्तरीय रचना : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात

शासकीय संगणक प्रणालीच्या बहुस्तरीय रचनेत दर्शनी स्तर, कार्यनियमांचा स्तर व माहितीसाठ्याचा स्तर परस्परांपासून वेगळे ठेवले जातात. ही विभागणी संगणकशास्त्राची देणगी मानली जाते. महसूल प्रशासनाला मात्र ती कागदोपत्री पूर्वीपासून परिचित होती.

वऱ्हाडात मोडणाऱ्या बुलडाणा जिल्ह्यात १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी मध्यप्रदेशच्या राजवटीत तयार झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाल्यावर व १९७१ च्या नियमांनंतर गाव नमुना सात व बारा येथे रूढ झाले. संहितेच्या कलम १५० नुसार तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, हितसंबंधितांना सूचना देतो आणि आक्षेपांचा विचार होऊन मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. नोंदविणारा व प्रमाणित करणारा एकच असू नये, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

भूमी अभिलेख संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात विदर्भातीलच वर्धा जिल्हा होता. पुढे राज्यभर तहसील कार्यालयांतील संगणकांवर सातबारा भरण्यात आला. तथापि प्रमाणीकरण कागदावरच होत राहिले. यंत्रात उतरली ती मूळ नोंदीची नक्कल. हस्तलिखित व संगणकीकृत असे दोन सातबारे शेजारी नांदू लागले, आणि दोहोंत तफावत पडली तर खरा कोणता, हा प्रश्न पीककर्जासाठी उतारा घेऊन बँकेत गेलेल्या शेतकऱ्यापुढे उभा राहिला. नावातील एक काना वा क्षेत्रातील एक आर चुकला तरी त्याची अडवणूक होऊ शकत होती. हा दोष यंत्राच्या वेगाचा नव्हता. कार्यनियमांचा स्तरच प्रणालीबाहेर राहिला होता.

ई-फेरफार प्रणालीने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. तलाठी आपल्या सज्जातून नोंद भरतो, माहितीसाठा राज्यस्तरावर राहतो आणि मंडळ अधिकाऱ्याच्या प्रमाणीकरणावाचून नोंद सातबारावर उतरत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदविलेल्या दस्ताची माहितीही थेट प्रणालीत येते. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला.

तत्पूर्वी हस्तलिखित अभिलेखाशी ताळमेळ घालण्याचे किचकट काम तलाठ्यांनाच करावे लागले. त्यातूनही निसटलेल्या लेखनचुकांसाठी खातेदाराला कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. ही वाट संगणकपूर्व काळातलीच आहे.