लोखंडे, नारायण मेघाजी

(१८४८—९ फेब्रुवारी १८९७). मुंबईच्या गिरणी कामगारांचे आद्य पुढारी, पत्रकार व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. जन्म ठाणे येथे. शिक्षणानंतर त्यांनी काही काळ सरकारी नोकरी केली व पुढे मुंबईतील एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून काम केले. तेथे कामगारांची हलाखी त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. जोतीराव फुले यांचे ते निकटचे सहकारी होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले दीनबंधु हे पत्र त्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणून चालविले.

१८८१ च्या कारखाना कायद्याने फक्त बालकामगारांना संरक्षण दिले; प्रौढांना कामाचे ठराविक तास नव्हते, की साप्ताहिक सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये लोखंडे यांनी बाँबे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार व अपघातग्रस्तांना भरपाई या मागण्यांचा सु. ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी कारखाना आयोगापुढे मांडला. एप्रिल १८९० मध्ये भरलेल्या सभेस सु. १०,००० कामगार उपस्थित होते. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

असे कायदे म्हणजे देशी उद्योग मारण्याचा लँकेशरच्या गिरणी मालकांचा डाव होय, असे तत्कालीन अनेक राष्ट्रीय पुढाऱ्यांचे मत होते. स्पर्धेची ही भीती निराधार नव्हती. तथापि तिचा भार कामगारांनी वाहावा, हे लोखंडे यांना मान्य नव्हते. मँचेस्टरमध्ये जॉन डोहर्टी (१७९८—१८५४) या आयरिश सूतकामगारानेही कामाच्या तासांवर मर्यादा यावी म्हणून असाच लढा दिला होता. १८९० च्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडे यांनी मुंबईचे प्रतिनिधी म्हणून भाग घेतला. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती व स्त्रियांसाठी कमाल अकरा तास ठरले. प्रौढ पुरुषांना मात्र तासांच्या मर्यादेसाठी १९११ पर्यंत थांबावे लागले.

विधवांच्या केशवपनाविरुद्ध नाभिकांना संघटित करण्यात व १८९३ च्या मुंबईतील हिंदु-मुस्लिम दंग्यानंतर सलोखा घडविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ हा किताब दिला. प्लेगच्या साथीत मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संघटनेस वर्गणीदार सभासद, निधी वा नियमावली नव्हती; म्हणून आधुनिक अर्थाने ती कामगार संघ नव्हती. तरीही कामगारांचे गाऱ्हाणे त्यांच्याच सह्यांनी शासनापुढे नेण्याची प्रथा तिने रुजविली. यामुळेच लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जाते.