१३ सप्टेंबर : हंटरवालीचे कथाकार

मूकपटांच्या काळात कथालेखनाकडे वळलेले जे. बी. एच. वाडिया यांचा १९०१ साली आजच्या दिवशी जन्म झाला. एम.ए., एल.एल.बी. झालेला हा पारशी माणूस हॉलिवूडचा नट डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांचा निस्सीम चाहता. फेअरबँक्सच्या बुरखाधारी ‘झोरो’ला त्यांनी ‘दिलेर डाकू’त देशी पोशाख चढवला. १९३३ मध्ये परळच्या लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हीटोन ही त्यांची चित्रपटसंस्था सुरू झाली. धाकटे बंधू होमी दिग्दर्शक. १९३५च्या ‘हंटरवाली’त घोड्यावर स्वार होऊन चाबूक फिरवत अन्याय निवारणारी राजकन्या आली, तीही ऑस्ट्रेलियात जन्मलेली अभिनेत्री नादिया! चित्रपट घ्यायला वितरक धजेनात, पण पिटातल्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. समीक्षकांनी स्टंटपटांना कायम नाके मुरडली. असे पट काढणारे वाडिया मात्र विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.