तळटीप १२ : ‘महाराजांचे वेड’
१२. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी (१८६३–८३, दत्तक १८७१). ब्रिटिशांनी त्यांना वेडे ठरवले. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडलेल्या अवस्थेत त्यांचा मृत्यू झाला. दिवाण माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, या आरोपावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. येथील ‘वेड’ म्हणजे स्किझोफ्रेनिया असे समजू नये. ते नाव मनोविकारतज्ज्ञ ब्लॉइलर यांनी १९०८ मध्ये दिले. नाव नंतरचे असले तरी आजार आधीचा असू शकतो, आणि विशीच्या आसपासचे वयही त्याला जुळते, हा आक्षेप रास्त आहे. पण वय हा पुरावा नव्हे. या आजारात बऱ्याचदा शब्दाचा अर्थ प्रसंगाला धरून राहत नाही, दूरच्या नात्याचे शब्द मध्येच घुसतात आणि तात्पुरती स्मृती दुबळी झाल्याने वाक्याचा रोख शेवटापर्यंत टिकत नाही. हे पारखायला रुग्णाचे बोलणे जसेच्या तसे नोंदलेले हवे. शिवाय कोंडून ठेवलेला निरोगी माणूसही अबोल किंवा आक्रमक होऊ शकतो. म्हणून केवळ वागणुकीच्या वर्णनावरून, तेही ताबा असणाऱ्यांनी केलेल्या, हे निदान करता येत नाही. – संपा.